तुम्ही विचारलंत म्हणून: अजून रोलचा कॅमेरा कशाला?

"खिशात एवढा चांगला मोबाइल असताना हे रोलचं कशाला?" हे मला सोलापुरात अशोक चौकात चहा पिताना विचारलं जातं, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी विचारलं जातं, घरच्या लग्नातही. दर वेळी "आवड आहे" एवढंच म्हणून सुटतो. आज नीट सांगतो.

माझा कॅमेरा ऑलिंपस ट्रिप ३५. १९६७ साली बाजारात आलेला, १९८४ पर्यंत बनत राहिलेला. पुण्याच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळाला. याला सेल लागत नाही. भिंगाभोवती मधाच्या पोळ्यासारखं काचेचं कडं आहे, त्याच्या मागे सेलेनियम. त्यावर उजेड पडला की बारीकसा प्रवाह तयार होतो, मीटरची सुई हलते आणि कॅमेरा स्वतःच छिद्र लहानमोठं करतो. शटरचे वेग दोनच: १/२०० आणि १/४०. उजेड कमी असेल तर बटण दाबताना व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर उघडतच नाही.

मला या कॅमेऱ्याचा लळा लागला तो त्या लाल पट्टीमुळे.

आमच्या गल्लीत चादरीचा कारखाना आहे. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा कमी उजेडात चालणारा ४०० चा रोल घालूनही जिकडे वळावं तिकडे लाल पट्टी. मोबाइल असता तर दोन मिनिटांत चार फोटो काढून बाहेर पडलो असतो. आता थांबावं लागलं. मग रोज जायला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. सकाळी नऊच्या सुमाराला छपरातल्या काचेतून ऊन आधी जकार्डवर, म्हणजे लूमवरच्या नक्षी पाडणाऱ्या यंत्रावर येतं, तिथून खाली सरकत विणल्या जाणाऱ्या चादरीवर उतरतं, आणि जेमतेम पंधरा मिनिटं लूम चालवणाऱ्या अण्णांचे हात त्या उजेडात असतात. तेवढा वेळ पट्टी येत नाही. (छिद्राचं कडं 'ए'वरून, म्हणजे ऑटोवरून, २.८ या सगळ्यात मोठ्या छिद्रावर फिरवलं तर पट्टी येत नाही, १/४० ला फोटो निघतो. पण निगेटिव्ह फिकी येते, आणि मला ते ऊनच हवं असतं.)

फोकसही नजरेच्या अंदाजानेच. फोकसच्या कड्यावर चार चित्रं आहेत: एक माणूस म्हणजे एक मीटर, दोन म्हणजे दीड, तिघं म्हणजे तीन, आणि लांबच्यासाठी डोंगर. लूमपाशी मी दोन माणसांवर ठेवतो. परक्या माणसाच्या कामात दीड मीटरवर जाऊन उभं राहता येत नाही, ओळख व्हावी लागते. खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमची ओळख आधी खुणांनीच झाली. पंधराएक दिवसांनी अण्णांनी स्वतःच हाताने 'इकडे ये' केलं.

बाहेर मात्र उलटं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं भर उन्हात चालतात, तेव्हा ४०० च्या रोलवर कॅमेरा १/२०० आणि एफ २२ ला, म्हणजे सगळ्यात लहान छिद्राला पोचतो. त्यापुढे त्याच्याकडे काही उरत नाही.

ब्लॅक अँड व्हाइट रोल मी घरीच धुतो. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवा, आणि एप्रिलमध्ये आमच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. बादलीत बर्फ टाकून बाटल्या त्यात ठेवतो. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे वाहत्या पाण्याखाली फिल्म धुणं मनाला पटत नाही. इल्फर्ड या फिल्म कंपनीची पद्धत वापरतो: चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरनंतर फिल्मचा टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटासुलटा करायचा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टँक पाण्यात काम होतं.

त्या पंधरा मिनिटांतला एक फोटो मोठा करून अण्णांना नेऊन दिला. वाटलं, आधी स्वतःचे हात बघतील. त्यांनी तो दाराशी उजेडात धरला, चादरीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं सुताची तार तुटलीय बघ. त्या दिवशी मला दिसलीच नाही."