मोह, जिवाणू आन् आठवीची पोट्टी

मार्च-एप्रिलात आमच्या शाळेत आठवीचे निम्मे बाक रिकामे असतात. गडचिरोलीकडचं गाव, मोहफुलं पडायला लागली की पोट्टे पहाटे चारला टोपली घेऊन घरच्यांसोबत जंगलात, अकराला शाळेत आले तरी हाताला तो गोड वास. हजेरीवरून ओरडणं मी कधीच सोडलंय.

त्या दिवशी सजीवांचं वर्गीकरण होतं. व्हिटेकर या शास्त्रज्ञानं १९६९ मधे सजीवांचे पाच गट पाडले, त्या पाच सृष्टी पाठ करून घ्यायचा कंटाळा आला म्हणून फळ्यावर तिघं लिहिले, मोहाचं झाड, आपण आणि आपल्या कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जिवाणू. यातला परका कोण? अख्खा वर्ग ओरडला, मोह! एक जण तर म्हणे, "जिवाणू आपल्या अंगावरच राहते न सर, थो तर घरचाच झाला."

मग मायक्रोस्कोप काढला. मोहाचं कोवळं तांबूस पान सोलताना चीक निघाला, ब्लेडला चिकटला, दोनदा फाटलं, तिसऱ्यांदा कुठं पापुद्रा मिळाला. दुसऱ्या स्लाईडवर गालाच्या आतून काडीनं खरवडलेलं, तिसरीवर माझ्याच कपाळाचा घाम (पोट्टे लय हसले), सगळ्यांवर मिथिलीन ब्ल्यूचा थेंब. पहिल्या दोन्हीत पेशीपेशीत एक गडद ठिपका, केंद्रक. तिसरीत नुसते निळे कण, जिवाणू कोणता अन् धूळ कोणती हे आमच्या लेन्समधून कळेना, शेवटी तोंडीच सांगितलं. हा गडी साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, द्राक्षाच्या घोसासारखा गोळ्यानं राहतो, त्याला केंद्रकच नाही, डीएनए पेशीत तसाच मोकळा, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया) नाहीत. मोहाला दोन्ही आहेत, आपल्यालाही. पेशीभित्तिका मोहालाही आहे अन् त्यालाही, पण मोहाची सेल्युलोजची, त्याची पेप्टिडोग्लायकनची, नाव एक अन् माल वेगळा.

"भाडेकरू घरात राहते म्हणून सोयरा होते का बे?" मी म्हटलं, "सोयरा तिकडं जंगलात उभा आहे."

तेवढ्यात मागच्या बाकावरून, उशिरा आलेली पोरगी, "मंग सर, त्या तंतुकणिका आपल्यात आल्या कुठून?"

आता ही गोष्ट तर मी शिकवायचं ठरवलंच नव्हतं. सांगितलं, अब्जाहून जास्त वर्षांमागं एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला अन् तिथंच राहिला, १९६७ मधे लिन मार्ग्युलिस बाईंनी हे मांडलं, तंतुकणिकेत अजूनही स्वतःचा वेगळा डीएनए सापडतो. मोहाच्या पानातलं हरितलवकही, म्हंजे उन्हावर अन्न बनवणारा पेशीतला हिरवा भाग, असंच, फक्त दुसऱ्या जिवाणूपासून आलेलं.

मघाचा तोच पोट्टा उठला, "म्हंजे सर, भाडेकरूच घरजावई झाला!"

मी फळ्यावर तेवढंच लिहिलं अन् खिचडीची घंटा झाली.