होडीचा नंबर

1 डिसेंबर 2021 ला मुंबईत अवकाळी पाऊस कोसळला. आम्हा बँकवाल्यांना त्याचा त्रास काय, तर कपाटातली छत्री शोधावी लागली. 3 तारखेला किसान क्रेडिट कार्डाच्या (हे कर्ज मासेमारीलाही मिळतं) एका अर्जाची पाहणी करायला वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला उतरले, तेव्हा पाऊस काय करून गेला ते आधी नाकाला कळलं.

अर्जदार मावशी वलांडीवरचे, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबू-दोऱ्यांच्या मांडणीवरचे, बोंबील उतरवत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात, हे मी तिथेच पाहिलं. या जोड्या मात्र हात लागताच गळून पडत होत्या. मागे दोरीवर नुसते जबडे. मावशी तेही एकेक करून सोडवत होत्या; दोरी परत लागणारच होती.

"खताला जाईल आता सगळं," म्हणाल्या.

काय बोलावं सुचेना, म्हणून मी अर्ज काढला. (नोकरीत एवढी वर्षं गेली की हात आपोआप फायलीकडे जातो.) तेव्हा 1 लाख 60 हजारांपर्यंत तारण लागत नसे, हे जरा ऐटीतच सांगितलं आणि पहिल्याच रकान्यापाशी अडकले. होडीचा नोंदणी क्रमांक.

"होडी नवऱ्याच्या नावावर. पण मासळी धक्क्यावर आली की पुढचं सगळं माझं."

पुढचं सगळं म्हणजे बर्फ, टेम्पो, सुकवणं, बाजार, शिवाय पुढच्या फेरीच्या डिझेलचे पैसे. सडलेल्यातली निम्मी मासळी तर घरच्या होडीची नव्हतीच. व्यापाऱ्याकडून उचल घेऊन लिलावात घेतलेली. "उचल देणारा होडी विचारत नाही. फक्त माझ्या मालाचा भाव तो ठरवतो."

बांबू, दोरी, बोंबील लावणाऱ्या बायांची मजुरी, टेम्पो असा हंगामाचा हिशेब त्यांनी हातातलं काम न थांबवता तोंडी सांगितला. माझ्याकडच्या तक्त्यात कर्जाची मर्यादा होडीवरून निघत होती, वलांडीवरून नाही. मी सगळं अर्जाच्या पाठीमागे लिहिलं आणि व्यवसायापुढे 'सुकी मासळी' असं टाकलं. सहीला त्यांनी हात पदराला तीनदा पुसला, तरी कागदाला वास लागलाच.

दहा दिवसांनी अर्ज वरून परत आला. लाल शाईत एकच ओळ: होडीचा नोंदणी क्रमांक जोडावा.

मावशींना फोन लावला. मागे नुसता कालवा.

"मॅडम, मंग करते. बोली चालू हाय."