बदललेला खुबा घेऊन माउलींच्या पालखीत

माझा उजवा खुबा पूर्ण बदललेला आहे, मागच्या बाजूने छेद घेऊन, सांधा हाडाला चिकटवणारं सिमेंट न वापरता. त्याआधी मी लांब पल्ल्याचं धावायचो. यंदा आळंदी ते पंढरपूर पायी चाललो. धावणारा माणूस वारीत फसतो तो दमामुळे. छाती म्हणते अजून दहा किलोमीटर सहज होतील. पण खुब्याच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस, दुपारपर्यंतच थकलेला असतो.

सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यात हाड रुजायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. पण हाड रुजलं म्हणजे वारीची तयारी झाली असं नाही. सहा महिन्यांच्या आत वारीचा विचारही नको, वर्ष गेलेलं उत्तम, आणि सर्जनची परवानगी हवीच. घरची परीक्षा सोपी आहे: आरशासमोर ऑपरेशनच्या पायावर ३० सेकंद उभं राहायचं. दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकली तर स्नायू अजून कच्चा. कुशीवर झोपून पाय वर उचलणं आणि २० सेंटिमीटरच्या पायरीवर सावकाश चढणं-उतरणं, हे दोन व्यायाम रोज केले तरच फरक पडतो. शेवटच्या दोन महिन्यांत शनिवार-रविवार लागोपाठ २० किलोमीटर चालून पाहावं. एका दिवसाचं चालणं काहीच सांगत नाही. सोमवारी सकाळी खुबा काय म्हणतो ते महत्त्वाचं.

आळंदी-पुणे सुमारे ३० किलोमीटर आणि पुणे-सासवड त्याहून थोडं जास्त. सगळ्यात लांब टप्पे सुरुवातीलाच येतात, म्हणून बरेच जण इथेच मोडतात. दिवेघाटाचा चढ चार-पाच किलोमीटरचा. रथाला जादा बैलजोड्या लागतात, तेव्हा आपणही काठी घ्यायला लाजू नये. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. माझा खुबा उजवा, म्हणून काठी डाव्या हातात. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेला यावी. टोकाचं रबरी बूच डांबरावर झिजतं आणि पावसात घसरतं, त्यामुळे दोन जादा बुचं पिशवीत हवीत. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, आणि ठेच लागून तोल सावरताना तो आठपटीच्या घरातही मोजला गेला आहे. घाटात आभाळाकडे बघण्यापेक्षा पुढच्याच्या टाचेकडे बघा.

रस्त्याच्या उताराकडे कुणी लक्ष देत नाही. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. डाव्या कडेने दिवसभर चाललं की उजवा पाय उंचावर पडतो, त्या बाजूचा खुबा आत ओढला जातो आणि बाजूचा स्नायू ताणला जातो. म्हणून दिंडीत रांगेच्या मधली जागा धरायची. विणेकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं तर टाळकरी जागा करून देतात.

चालण्यापेक्षा खरी जोखीम बसण्या-उठण्यात आहे. पंगतीत मांडी, उकिडवं बसणं, देशी संडास, जमिनीवरचं अंथरूण, हे सगळं खुबा ९० अंशांच्या पुढे दुमडतं. माझ्यासारखा मागचा छेद असेल तर त्यात पाय आत वळला की सांधा निखळू शकतो. दिंडीच्या ट्रकमध्ये दोन वस्तू टाका: ४५ सेंटिमीटर उंचीचं घडीचं स्टूल आणि संडासाच्या भांड्यावर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची. तळावरच्या फिरत्या शौचालयाचं दार अरुंद असतं. खुर्ची घेताना तिची रुंदी मोजून घ्या. जमिनीवर झोपावंच लागलं तर गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. उठताना चांगल्या कुशीवर वळून ऑपरेशनचा गुडघा जमिनीला टेकवायचा, चांगलं पाऊल पुढे ठेवायचं आणि त्याच्या जोरावर उभं राहायचं.

आणि पाया पडणं! वारीत 'माउली' म्हणत कुणीही आपल्या पायाशी वाकतं, आपणही आपसूक वाकतो. कठड्याचा किंवा काठीचा आधार घेऊन ऑपरेशनचा पाय सरळ मागे नेत चांगल्या पायावर वाकायचं, म्हणजे खुबा फारसा दुमडत नाही. लोटांगण आणि फुगडी सरळ सोडून द्यावी. फुगडीतली गिरकी पाय जागेवर पिळते. तरडगावच्या वाटेवरच्या चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून धावणारे अश्व, कडेला उभं राहून छान दिसतं, तिथे रेटारेटीत पुढे घुसू नये.

पाय चेपून देणारे सेवेकरी वाटेत जागोजागी भेटतात. तेल लावू द्या, पण पाय ओढू किंवा फिरवू देऊ नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर चेपायची अजिबात नाही. रक्ताची गाठ असू शकते, थेट डॉक्टर गाठा. डायक्लोफेनाकच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या उन्हात, पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देतात, म्हणून मी पॅरासिटामॉलवर भागवलं. फोडाची कातडी सोलू नका. उघड्या जखमेतून जंतू रक्तात शिरले की कृत्रिम सांध्यापर्यंत पोचू शकतात, म्हणून ताप किंवा पसरणारी लाली दिसली की तिथेच थांबायचं.

कुठलं दुखणं चालेल? खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ओढ असेल तर बहुधा स्नायू थकलाय. विसाव्याला आडवं व्हा. जांघेत किंवा मांडीत, तेही उठून पहिली पावलं टाकताना दुखत असेल तर सांध्याची शंका घ्यायची. लंगडणं सुरू झालं की त्या दिवसाचं चालणं संपलं, पुढचं ट्रकमधून. एकदम कळ येऊन पाय आखूड, आत वळलेला दिसला तर कुणालाही ओढू न देता १०८ ला फोन लावा.

वाखरी ते पंढरपूर अंतर थोडं, पण गर्दीत पाऊल आपल्या मर्जीने पडत नाही. पददर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहण्याऐवजी मी मुखदर्शन घेतलं. परतीला एसटीत पाय लांब करता येईल अशी कडेची जागा मागून घ्या, मांडीखाली घोंगडी घालून बैठक उंच करा, आणि जिथे गाडी थांबेल तिथे उतरून शंभर पावलं चाला.