वीस वाव पाणी

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा वार्षिक मेळावा मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आणि रविवारी भरत असे. मुंबईचे चाकरमानी तेव्हा गावी आलेले असत, फणस पिकलेले असत आणि पाऊस सहसा दोन-तीन आठवडे दूर असे. पाठांतर स्पर्धा, पेटी-तबल्यावरची गीते, महिला मंडळाचे प्रीतिभोजन हे सारे होतेच. पण मेळावा म्हटला की मला आधी आठवते ते शनिवारी संध्याकाळचे शास्त्रवाचन, कारण त्याचा अध्याय कधीच बदलला नाही. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील सत्ताविसावा अध्याय, म्हणजे रोमला कैदी म्हणून नेल्या जाणाऱ्या प्रेषित पौलाच्या जहाजफुटीची हकीकत, आमचे एक वृद्ध पंच वाचत. तरुणपणी ते कौले वाहणाऱ्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते. खलाशांना आधी वीस वाव पाणी लागले आणि थोडे पुढे गेल्यावर पंधरा, या ओळीशी ते थांबत, दोन्ही हात ताणून वाव म्हणजे किती ते दाखवत आणि मुलांना सुंभाने अंगण मोजायला लावत.

उपदेशात दरवर्षी पौलाचे कौतुक होई आणि ते योग्यच होते. हाती कसलाही अधिकार नसलेला हा कैदी क्रेत बेटाहून पुढे जाण्यातला धोका आधीच सांगतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. पुढे चौदा दिवस वादळात सापडलेल्या, अन्नावरची वासना उडालेल्या २७६ माणसांदेखत तो भाकर हाती घेतो, देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि स्वतः खाऊ लागतो, तेव्हा कुठे बाकीच्यांना धीर येतो. वृद्ध पंचांचे लक्ष मात्र युल्य नावाच्या रोमी शताधिपतीवर, म्हणजे शंभर शिपायांच्या अधिकाऱ्यावर असे. पौलाला बाजूला सारून त्याने जहाजाचा तांडेल आणि मालक यांच्यावर भरवसा ठेवला, ही त्याची चूक. परंतु नाळेकडून नांगर टाकण्याच्या बहाण्याने खलाशी लहान होडी पाण्यात सोडून निसटू पाहत होते, तेव्हा हे गेले तर तुमचा बचाव होणार नाही असे पौलाने त्याला आणि शिपायांना बजावताच शिपायांनी त्या होडीचे दोर कापून टाकले. “खलाशीच पयले उतारले, तर जहाजात कोण रवतलो?” असे म्हणून ते चष्म्यावरून आमच्याकडे पाहत. आपण चुकलो हे उमगल्यावर बेडीतल्या माणसाचे ऐकणारा अधिकारी मला आजही पौलाइतकाच दुर्मीळ वाटतो.

एका वर्षी मंडळीत नवे, तरुण पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते. वारा फिरला आहे, कार्यक्रम देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आत घ्या, असे पंचांनी सकाळीच सुचवले. पण मांडव उभा होता, पैसे दिलेले होते, म्हणून पाळकांनी ते मनावर घेतले नाही. मुलांचे नाटुकले ऐन रंगात आले असताना वळवाचा पाऊस कोसळला, कनात फाटली आणि भाताच्या टोपात पाणी गेले. दुसऱ्या दिवशी उपासनेच्या आरंभीच पाळक म्हणाले, “काकांनी सांगितले होते, मी ऐकले नाही. चूक माझी आहे.” पाळकाने असे चारचौघांत बोलू नये, असे पुष्कळांचे मत पडले. खरे सांगायचे तर माझेही तेच होते.

२०२० साली कोरोनामुळे मेळावा झाला नाही. २०२१ सालीही तो होणार नव्हता, आणि नेमक्या त्याच शनिवारी, १५ मे रोजी, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकत होते. सकाळी पाळकांनी पहिला फोन पंचांना केला आणि “काका, काय करूया?” एवढेच विचारले. संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या आणि मोडक्या कौलांच्या घरांतील माणसे देवळात आणली गेली. तोंडाला मास्क, दोन कुटुंबांमध्ये एकेक बाक मोकळा. रविवारी वाऱ्याने माड पिळून काढले, समोरचे दोन काजू मुळांसकट आडवे झाले, वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही.

त्या दुपारी मेळाव्याचे मोठे टोप माळ्यावरून उतरवून महिला मंडळाने उकड्या तांदळाची पेज शिजवली. वाढण्यापूर्वी पाळकांनी बाकांमधून फिरत सर्वांना मोजले आणि बेचाळीस असा आकडा सांगितला. कोपऱ्यातून पंचांनी विचारले,

“तांडेलाक धरून?”