कयाकला भोक पाडण्याआधी

जळगावातलं माझं वर्कशॉप शेतीच्या कामांवर चालतं. फुटलेल्या पाण्याच्या टाक्या वेल्ड करायच्या, स्प्रिंकलरचे एचडीपीई पाईप जोडायचे, फवारणी पंपाला स्टँड करून द्यायचे. केळीचा पट्टा असल्यामुळे ठिबकची कामंही बारमाही. अशा ठिकाणी एप्रिलच्या भर दुपारी एक गृहस्थ गाडीच्या टपावर पिवळीजर्द कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची चिंचोळी नाव, बांधून आले. आमचा हेल्पर दारातूनच म्हणाला, "भाऊ, हाई नाव शे का पानीनी टाकी?"

पोरगं अगदीच चुकलं नव्हतं. दोन्ही वस्तू पॉलिथिनच्या, आणि तापलेला साचा फिरवत फिरवत त्यात पावडर वितळवायची पद्धतही तीच. भुसावळला रेल्वेत असलेले हे साहेब त्याच हिशोबाने माझ्याकडे आले होते. टाकीला भोक पाडून न गळणारा नळ बसवणारा माणूस कयाकला रॉड होल्डर, म्हणजे मासेमारीचा रॉड अडकवून ठेवायचा आधार, तोही बसवेल, असा त्यांचा तर्क.

त्यांच्याजवळ ऑनलाइन मागवलेल्या होल्डरचा खोकाच होता. दोन होल्डर बॉडीत गाडून बसवायचे, म्हणजे वरून नुसतं तिरकं तोंड दिसतं आणि नळी आत उतरते. एक गोळ्याच्या सांध्यावर हवा तसा फिरणारा, वर उघडा पाळणा असलेला. आणि एक शिकंजासारखा कडेला आवळायचा. "चारही बसवून टाका भाऊ, संध्याकाळी घेऊन जातो," साहेब म्हणाले.

मी ड्रिलला हातही लावला नाही. टपावर पट्टे करकचून आवळलेले, वरून जळगावचं ऊन. कयाकच्या पोटाला पट्ट्यांच्या जागी खोलगट खळगे पडले होते. तापलेलं पॉलिथिन मऊ पडतं आणि दाबाखाली आकार सोडतं. त्या अवस्थेत मोजमाप घेऊन भोक पाडलं, तर निवल्यावर होल्डरचं बूड नीट टेकेलच याची खात्री नाही. कयाक शेडमध्ये उलटी करून ठेवली आणि साहेबांना चहा सांगितला.

तोवर खोका तपासला. गाडायच्या दोनपैकी एकाची नळी खाली उघडी होती. असा होल्डर बसवला की वरून आलेलं पाणी थेट कयाकच्या पोटात. तो बाजूलाच काढला आणि टोपीबंद नळीचा आणायला सांगितलं. सोबत दिलेले स्क्रूही परत खोक्यात टाकले. पॉलिथिनमध्ये नुसता स्क्रू पिळला तर तो धरतो, पण रोजच्या हिसक्यांनी भोक सैल होत जातं. चिकटवायचं म्हणाल तर या प्लास्टिकवर सिलिकॉन काय आणि पाईपचं सोल्युशन काय, नखाने सोलून निघतं. सील म्हणून चालेल, पकड म्हणून नाही. त्यामुळे आरपार बोल्ट, रबरी वॉशर आणि आतून पट्टी, हा एकच रस्ता मला पटतो. पट्टीसाठी स्प्रिंकलरच्या जुन्या पाईपचा तुकडा उभा चिरला, गरम करून सपाट केला. फुकटात काम.

साहेबांना ही पट्टी म्हणजे उगाच वाढवलेलं काम वाटत होतं. मग त्यांना हिशोब घालून दाखवला. रॉड सात फुटी, म्हणजे दोन मीटरच्या वरच. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरा सुटू द्यायचा ते, दोन किलोवर ठेवला आणि माशाने रॉडला काटकोनात ओढ दिली, तर बुडाशी दोन किलो गुणिले दोन मीटर, म्हणजे चारचा पीळ येतो. होल्डरचे बोल्ट एकमेकांपासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर. चार भागिले शून्य पॉइंट शून्य पाच, म्हणजे मागच्या बोल्टवर ऐंशी किलोची उपसणारी ओढ. रॉड वाकतो म्हणून प्रत्यक्षात ती कमी भरते, एवढंच. आकडा ऐकून साहेब गप्प झाले आणि पट्टी जाडच घ्या म्हणाले.

ऊन कलल्यावर दोन जुन्या टायरांवर कयाक मांडली, साहेबांना आत बसवलं आणि हातात वल्हं दिलं. शेजारचे गॅरेजवाले बघायला आले. पन्नास मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचे वीतभर तुकडे कापले, रीलची दांडी अडकायला वरच्या तोंडाला खाच मारली आणि ते सुतळीने इथे-तिथे बांधून बघितले. आपल्याकडे पन्नासचा पाईप म्हणजे बाहेरून पन्नास, त्यामुळे आत रॉडची मूठ सैलसर बसते. खऱ्या होल्डरचं भोक एकदा पडलं की पडलं. सुतळी कितीदाही सोडता येते.

पहिला तुकडा साहेबांनी दाखवलेल्या जागी, गुडघ्याजवळ बांधला. दुसऱ्याच वल्ह्याला पातं खाडकन पाईपवर आपटलं. पुढे सरकवला तर वल्हं मोकळं, पण रॉड घ्यायला साहेबांना पार ओणवं व्हावं लागे. शेवटी जागा सापडली ती अशी, की कोपर किंचित वाकलेलं असताना मूठ पकडता यावी आणि रॉड बाहेरच्या अंगाला कलता, पुढे, खाली राहावा. तिथे फिरणारा होल्डर ठरला. शिकंजाचा मी सरळ नाकारला. कयाकची कड गोलाकार; आवळलेला शिकंजा ओढ बसली की जागेवर फिरतो.

भांडण झालं ते सीटमागच्या गाडायच्या दोन होल्डरवरून. साहेबांना तिथेही गळ टाकून ठेवायचे होते. माझं म्हणणं, ती जागा रॉड वाहून न्यायला उत्तम, वल्ह्याच्या वाटेत येत नाही. पण पाठीमागे मासा लागला तर तुम्ही वळणार कसे? ते म्हणाले, व्हिडिओत सगळे असंच करतात. गिऱ्हाईकापुढे किती ताणायचं! टोपीबंद होल्डर आले तसे बसवून दिले.

पाण्यावरची चाचणी वाघूर धरणाच्या फुगवट्यात, जामनेरच्या अंगाला झाली. धरणातली मासेमारी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असते, म्हणून साहेबांनी आधी सोसायटीत जाऊन विचारलं होतं. तिथलेच एक वयस्कर भोईबाबा थर्माकोलच्या तराफ्यावर जवळपास होते. त्यांचा होल्डर म्हणजे पायाचा अंगठा! तंगुसाचा एक वेढा अंगठ्याला, बाकी माणूस निवांत. मी आणि हेल्पर काठावर.

साहेबांनी पिठाचे गोळे लावून पुढे एक आणि मागे एक रॉड मांडला. आधी पुढचा वाजला. त्या होल्डरला रॉड अडकवणारी एक फिरती कडी होती. रॉड ताणाखाली असताना, ओल्या हाताने ती कडी फिरेना. बाबा तिकडून ओरडले, "मासा लागना म्हनजे दांडी पहिले हातमा येवाले पाहिजे!" कडी सुटेपर्यंत मासा गेला होता. साहेबांनी वल्हं मारत काठाला आणलं, मी पक्कडीने कडी काढून फेकली आणि रॉडच्या मुठीला नायलॉनची दोरी बांधून दिली. रॉड पाण्यात पडू नये याची काळजी दोरी घेईल, होल्डरने फक्त धरायचं.

नंतर मागचा रॉड वाकला. साहेब कमरेतून उलटे वळले, एक हात सीटवर, दुसरा रॉडला. रॉड नळीत तिरका ओढला गेलेला, त्यामुळे उपसता येईना. वजन सगळं डाव्या कडेला गेलं, कड पाण्याखाली गेली आणि घोटभर नव्हे, चांगलं बादलीभर पाणी आत आलं. लाइफ जॅकेट अंगात होतं, पाणी छातीइतकंच होतं, तरी आमच्या पोराने चपला काढून पाण्यात उडी टाकलीच. साहेबांनी रॉड सोडला, दोन्ही कडा धरल्या आणि सरळ झाले. रॉड नळीतच राहिला. ड्रॅग सैल होता म्हणून बोल्टही शाबूत राहिले. मासा मात्र साहेबांना मिळाला. अडीच किलोच्या आसपासचा रोहू, काठावर उतरून ओढलेला.

परत आल्यावर मागच्या दोन नळ्यांत जाळीचा दांडा आणि सुटे रॉड उभे करायचं ठरलं. पुढे डावीकडे दुसरा फिरणारा होल्डर बसवला, पण रुळावर सरकणारा, म्हणजे गुडघे आखडले तर जागा बदलता येते. त्याला पट्टी लावताना हॅचमधून, म्हणजे कयाकच्या झाकणाच्या तोंडातून, माझा हात दंडापर्यंत आत गेला आणि बोल्ट जास्त आवळू नको म्हणून मीच हेल्परला तीनदा ओरडलो. पॉलिथिन दाबाखाली पसरतं. आज करकचून आवळलेला नट महिन्याभरात आपोआप सैल. नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट लावायचा, वॉशर बसेपर्यंतच पिळायचा आणि काही दिवसांनी परत तपासायचा.

सुतळीने बांधलेले ते पीव्हीसीचे तुकडे वाघूरला गाडीत होतेच. बाबांनी एक उचलून निरखला, "हाऊ माले दे," म्हणाले. तराफ्याच्या दोरीला आम्ही तो घट्ट बांधून दिला, उन्हात पीव्हीसी पुढे ठिसूळ होतो हेही सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि त्यात छत्री खोवली. गळ अंगठ्यालाच.