म्युझिक सिस्टीम वाय-फायवर आली, पण मोबाईलला दिसेना : माझा अनुभव

हॉलमधली म्युझिक सिस्टीम वाय-फायला जोडणं हे दहा मिनिटांचं काम आहे. मला चार दिवस लागले, कारण राउटरच्या सेटिंगमधली एक टिकेची खूण काढायची होती आणि ती काढायचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

जोडणीचा भाग सोपा. सिस्टीमच्या मागचं वाय-फाय बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. मग ती स्वतःचं तात्पुरतं नेटवर्क सुरू करते. मोबाईल त्याला जोडून सिस्टीमच्या ॲपमध्ये घरच्या वाय-फायचा पासवर्ड भरायचा. तेवढा वेळ मोबाईल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवा. त्या तात्पुरत्या नेटवर्कवर इंटरनेट नसतं, त्यामुळे फोन आपोआप डेटावर जातो आणि जोडणी अर्ध्यात तुटते. बऱ्याच सिस्टीम वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) पकडतात. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल, तर जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करा.

माझा दिवा लुकलुकायचा थांबला, स्थिर झाला. रिमोटने इंटरनेट रेडिओ लावला, तोही वाजला. ॲप मात्र 'एकही उपकरण सापडले नाही' यावरून हलेना. फोन आणि सिस्टीम एकाच वाय-फायवर, मध्ये भिंतसुद्धा नाही.

मग फायबर कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या कॉल सेंटरशी गाठ पडली. तीन दिवसांत पाच फोन केले आणि पाचही वेळा प्रश्न एकच : 'सर, इंटरनेट चालू आहे ना?' चालू आहे म्हटलं की तक्रार बंद. एकाने मोठा प्लॅन घ्यायला सुचवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं कुठलीही काटछाट न करता पाठवलं, तरी सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. शिवाय फोनमध्ये साठवलेलं गाणं सिस्टीमवर वाजवताना ते घराबाहेर जातच नाही. फोनकडून राउटरला, राउटरकडून सिस्टीमला, एवढाच त्याचा प्रवास. प्लॅनचा इथे संबंध येतोच कुठे?

दोष कुठे आहे ते शेवटी पिंग करून कळलं, म्हणजे एका उपकरणावरून दुसऱ्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहून. ही तपासणी सगळ्यांनी करावी, पाच मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, लॉगिन राउटरच्या तळाच्या स्टिकरवर) जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथून सिस्टीमचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, घेतला. लॅन केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून त्याला पिंग केलं : चारही उत्तरं आली. मग वाय-फायवरच्या फोनमधून, पिंगच्या फुकट ॲपने, तोच पत्ता : एकही उत्तर नाही. म्हणजे सिस्टीम ठणठणीत होती, आणि राउटर वाय-फायवरच्या दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नव्हता. या सेटिंगला एपी आयसोलेशन म्हणतात, काही राउटरवर क्लायंट आयसोलेशन किंवा वायरलेस आयसोलेशन असं नाव दिसतं. हॉटेलात ते हवंच, अनोळखी लोकांनी एकमेकांच्या लॅपटॉपमध्ये डोकावू नये म्हणून. घरात ते चालू असलं की म्युझिक सिस्टीम, प्रिंटर, टीव्हीवर फोनमधलं काही दाखवणं, सगळंच अडतं. गेस्ट नेटवर्कवरही बहुधा हेच होतं, म्हणून सिस्टीम चुकून गेस्टला जोडली नाही ना, ते आधी पाहा.

माझ्या राउटरवर ती खूण दिसत होती, पण करड्या रंगात, बदलता न येणारी. स्टिकरवरच्या लॉगिनला तेवढा अधिकार दिलेलाच नव्हता.

सहाव्या फोनवर मी इंटरनेटचं नावच काढलं नाही. 'माझ्या ओएनटीवर (म्हणजे फायबरच्या राउटरवर) एपी आयसोलेशन चालू आहे, ते तुमच्याकडून बंद करा, आणि तक्रारीत हेच शब्द लिहा,' एवढंच सांगितलं. कॉल तांत्रिक विभागाकडे गेला आणि त्यांनी तिथूनच ते वीस मिनिटांत बंद केलं. ॲप उघडल्याबरोबर सिस्टीमचं नाव समोर! चार दिवसांचा शीण गेला. तुम्हीही नेमका शब्द वापरा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा, कारण राउटर फॅक्टरी रीसेट झाला की ती खूण परत येऊ शकते.

तिसऱ्या दिवशी सुचलेला उपाय पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. सिस्टीमला मागे लॅन पोर्ट असेल तर कॅट ५ई लॅन केबल लावा. आयसोलेशन बहुधा वाय-फायच्या दोन उपकरणांमध्येच आडवं येतं, केबलवरची सिस्टीम फोनला दिसते. दहा मीटर केबल स्कर्टिंगच्या कडेने नेली, तेवढ्यावर माझं तात्पुरतं भागलं.

पिंगला उत्तर येतं पण ॲपला सिस्टीम दिसत नाही, असं असेल तर आयफोनमध्ये त्या ॲपची 'लोकल नेटवर्क' परवानगी तपासा. आयओएस १४ पासून ती वेगळी द्यावी लागते आणि घाईत आपण नकार दाबलेला असतो. ती दिलेली असेल, तर राउटरमधलं आयजीएमपी स्नूपिंग (एकदम अनेक उपकरणांसाठीचे संदेश फक्त मागणाऱ्यांकडे जाऊ देणारं सेटिंग) बंद करून पाहा.

वीज जाऊन आली की राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. सिस्टीम त्याआधी उठते, नेटवर्क न मिळाल्यामुळे शोधणं सोडून देते, मग पुन्हा तेच 'सापडले नाही'. अशा वेळी सेटिंगला हात लावू नका. राउटरचे दिवे स्थिर झाले की सिस्टीमचा प्लग काढून अर्ध्या मिनिटाने परत लावा.