तलवार करायला गेलो, सुरी घेऊन आलो

आज्जाच्या नांगराचा फाळ, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, वडिलांच्या टेम्पोचा स्प्रिंगचा पाटा आणि आज्जीची चेपलेली पितळी घागर. एवढं पोत्यात घालून खानापूर तालुक्यातल्या एका लोहारमामांकडे गेलो. म्हटलं, सगळ्याची मिळून एक तलवार करा, खंडेनवमीला पूजेत ठेवायला.

मामांनी पोतं उघडूच दिलं नाही. "तलवार नको रे बाबा, लायसन लागतंय." खरंच आहे ते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत तलवार नावानिशी आहे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद झालं की सुरीसुद्धा त्यात जाते. घरकामाची, शेतीची हत्यारं तेवढी सुटतात. दोन कप चहात साडेआठ इंचांवर तडजोड झाली.

मग फाळ निघाला. मामांनी हातात तोलला आणि बाजूला ठेवला. "बीड हाय हे. घण बसला की फुटतंय." बीड म्हणजे ओतीव लोखंड. मला ते पटेना. लोखंडी नांगर म्हणजे आमच्या बेळगावची गोष्ट. किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, लोखंडी नांगरही इथेच केले, १९१० मध्ये बिऱ्हाड किर्लोस्करवाडीला हललं. आज्जा हे सांगायचा तेव्हा ते आपल्याच परड्यात घडल्यासारखं वाटायचं. फाळच नाही तर मग काय उरलं?

मामा वाद घालत बसले नाहीत, ग्राइंडर चालू केला. धावेच्या ठिणग्या लांब, सरळ, मंद. पाट्याच्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. "फुलतंय त्यालाच धार राहती की." पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून तो पाणी धरतो, म्हणजे तापवून एकदम थंड केला की कडक होतो. धावेत नसल्यासारखाच. बिडात दोन टक्क्यांच्या वर, म्हणून ते ठिसूळ.

ठरलं असं: मध्ये पाटा, दोन्ही अंगांना धाव. टाकणखार (बोरॅक्स) भुरभुरून तिन्ही पांढरंफेक तापवून घणाखाली घ्यायचं. पहिल्या खेपेला एका बाजूचा सांधा धरलाच नाही, आत काळी खपली अडकलेली. धाव नीट घासून आणली नव्हती म्हणून मामा माझ्यावरच खेकसले. दोन आठवडे गेले त्यात.

पाणी द्यायच्या दिवशी भाता मी मारला. लालभडक पात्याला मामा मधूनमधून लोहचुंबक लावून बघत होते. चुंबक चिकटायचं थांबलं तसं पातं तेलात गेलं, भस्सकन जाळ आणि धूर. म्हणायचं मात्र 'पाणी दिलं'! मग घरच्या केकच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन तास, दोनदा. आई आठवडाभर त्या ओव्हनकडे फिरकली नाही.

घागर ओताऱ्याकडे गेली, तिची परज, म्हणजे मुठीची आड, झाली. धार लावल्यावर मामांनी पात्यावर लिंबू चोळलं. धारेकडचा पाटा काळसर पडला, वरची धाव उजळ राहिली आणि मधली नागमोडी रेघ उठून आली.

चुलतभाऊ बघून म्हणाला, "ही तलवार न्हवं, तलवारीचं पिल्लू हाय."

फाळ पात्याची बैठक झाला. खंडेनवमीला आईने आधी त्यालाच कुंकू लावलं.